द्राक्षबागांच्या काठाने: युरोपातील नदीसफरीची आखणी कोल्हापुरातून कशी करावी

युरोपातील नदीसफरीच्या जाहिरातीत देशांची संख्या सर्वांत ठळक अक्षरांत छापलेली असते. आठ दिवसांत चार देश, दोन आठवड्यांत सहा देश असे आकडे वाचले की पैसे वसूल झाल्याचा भास होतो. परंतु ज्यांना द्राक्षबागांच्या प्रदेशातून निवांतपणे जायचे आहे त्यांनी हा आकडा बाजूला ठेवावा आणि सहल विकणाऱ्याला सर्वांत आधी एवढेच विचारावे, की बागांच्या पट्ट्यातून जहाज दिवसा जाते की रात्री. प्रवाशांना दिवस गावात घालवता यावा म्हणून नदीवरील बरीचशी जहाजे रात्री चालतात आणि सकाळी नव्या गावाच्या धक्क्याला लागतात. त्यामुळे ज्या उतारांसाठी लाखो रुपये मोजले, ते आपण गाढ झोपेत असताना मागे पडले असे सहज घडते. माहितीपत्रकात गावांची नावे असतात, सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा क्वचितच असतात; म्हणून जहाज कोणत्या धक्क्यावरून किती वाजता सुटणार आणि पुढच्या धक्क्याला किती वाजता लागणार, याचे दिवसवार वेळापत्रक लेखी मागून घ्यावे. ते देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.

नदीची निवड

या एका कसोटीवर पाहिले तर पोर्तुगालमधील डोरो नदी सर्वांत सरस ठरते, कारण तेथे प्रवासी जहाजे रात्री चालतच नाहीत. पोर्तो शहरापासून स्पेनच्या सीमेवरील बार्का द'आल्वापर्यंत सुमारे २१० किलोमीटरचा प्रवाह जहाजांसाठी खुला आहे आणि तो सगळा उजेडात पाहता येतो. वाटेत पाच धरणे आहेत. प्रत्येक धरणापाशी जहाज एका बंदिस्त हौदात शिरते, दरवाजे मिटतात, पाणी भरले किंवा सोडले जाते आणि जहाज वरच्या किंवा खालच्या पातळीवर जाते. या व्यवस्थेला सगळीकडे लॉक असेच म्हणतात. कारापातेलो येथील लॉकमध्ये जहाज सुमारे ३५ मीटर वर चढते, आणि ते पाहण्यासाठी जेवण अर्धवट टाकून वरच्या डेकवर जाणे योग्यच आहे. रेगुआ ओलांडले की दोन्ही काठांना शिस्ट दगडाचे डोंगर आणि त्यांवर दगडी बांध घालून केलेल्या ताली सुरू होतात. या प्रदेशाची हद्द १७५६ साली पोर्तुगालचे मंत्री मार्किस ऑफ पोंबाल यांच्या काळात सरकारी आज्ञेने आखून दिली गेली; जगातील सर्वांत जुन्या आखीव वाइन प्रदेशांमध्ये त्याची गणना होते. २००१ पासून वरचे डोरो खोरे जागतिक वारसास्थळ आहे.

पोर्ट वाइन याच खोऱ्यातील. द्राक्षरस आंबत असताना मधेच त्यात द्राक्षांपासून काढलेले मद्यार्क घालतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, रसातील काही साखर तशीच शिल्लक राहते आणि पेय गोड व तीव्र होते. पूर्वी पिंपे भरून राबेलो नावाच्या लांबट शिडाच्या होड्यांतून ती नदीमार्गे पोर्तोसमोरील व्हिला नोव्हा द गाया येथे उतरवली जात, कारण समुद्राजवळच्या थंड, दमट हवेत ती सावकाश मुरत. आजही गायामधील तळघरे पाहता येतात, आणि काही ठिकाणी सुगीच्या दिवसांत दगडी हौदांत पायांनी द्राक्षे तुडवण्याची जुनी पद्धत टिकून आहे. डोरोवरील लॉक आखूड असल्याने तेथील जहाजे लहान, साधारण ८० मीटर लांबीची असतात. गर्दी कमी हवी असणाऱ्यांना हा आणखी एक फायदा आहे. मुंबईहून पोर्तोला जाण्यासाठी मधे विमान बदलावे लागते, एवढीच अडचण.

दुसरा चांगला पर्याय जर्मनीतील मोझेल नदीचा. कोब्लेंझ ते ट्रिअर हे अंतर सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आसपास आहे, पण नदी इतकी वळणे घेते की पाण्यावरून ते जवळजवळ दुप्पट होते. प्रत्येक वळणाला सूर्याकडे तोंड केलेला उतार द्राक्षांनी भरलेला आणि त्याच्या पायथ्याशी कोखेम, बाइलश्टाइन, बेर्नकास्टेल-कूस यांसारखे एखादे गाव. ब्रेम गावावरील काल्मोंट हा उतार युरोपातील सर्वांत चढणीच्या द्राक्षबागांपैकी एक असून काही जागी तो ६५ अंशांपर्यंत जातो. तेथे ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून माणसे आणि माल एका रुळावर चालणाऱ्या लहान गाडीने वर-खाली नेतात. दोन शहरांमध्ये दहा लॉक असल्याने जहाजाला वेग घेता येत नाही, आणि निवांत प्रवास हवा असेल तर हे सोयीचेच आहे. बहुतेक कंपन्या मोझेलला ऱ्हाइनची जोड देतात. बिंगेन ते कोब्लेंझ हा ६५ किलोमीटरचा मध्य ऱ्हाइनचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि लोरेलाय खडक, काउबजवळ नदीच्या मध्यभागी उभा असलेला जकातीचा किल्ला व रीसलिंग द्राक्षांचे उतार त्यातच येतात. हा पट्टा बहुतेक जहाजे दिवसाच पार करतात, तरीही वेळ विचारून घ्यावी.

डॅन्यूबचे नाव आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येते आणि सहलीही तिच्याच जास्त विकल्या जातात. मात्र तिच्या लांबलचक प्रवासात द्राक्षबागांचा खरा देखणा पट्टा ऑस्ट्रियातील वाखाउ खोऱ्याचा, मेल्क ते क्रेम्स असा सुमारे ३६ किलोमीटरचा. प्रवाहाच्या दिशेने हे अंतर जहाज पावणेदोन तासांच्या आसपास कापते, उलट दिशेने त्याला तीन तासांपर्यंत लागतात. म्हणून बुडापेस्टहून पासाउकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणारी सफर मिळत असेल तर तीच घ्यावी. किंमत बहुधा सारखीच असते आणि वाखाउ जवळजवळ दुप्पट वेळ पाहायला मिळते. बागांच्या बहुतांश ताली उत्तर काठावर, श्पिट्झ, वायसेनकिर्शेन आणि ड्युर्नश्टाइन या गावांभोवती आहेत. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ मध्ये कैदेत होता. वर चढून जायला अर्ध्या तासाची खडी पायवाट आहे आणि पन्हाळ्याच्या तटावर फिरण्याची सवय असलेल्यांना ती जड जाणार नाही.

फ्रान्समधील दोन मार्गांबद्दल थोडक्यात सांगतो. सोन-ऱ्होन मार्गावर बोजोले, तां-लेर्मिताज आणि शातोनफ-द्यु-पाप हे प्रदेश लागतात, आव्हिन्यों येथील पोपचा राजवाडा पाहता येतो, शिवाय जेवणाची ख्यातीही मोठी आहे. बोर्दोची सफर वाइनच्या अभ्यासकाला मोह घालणारी आहे, कारण १८५५ च्या वाइन प्रतवारीतील मेदोक भागाची नामांकित वाइन घराणी आणि सेंत-एमिलियोंचे गाव तीतच येते. परंतु तेथील बागा सपाट जमिनीवर, बऱ्याच ठिकाणी नदीपासून आत आहेत आणि त्या बसने जाऊनच पाहाव्या लागतात. डेकवर खुर्ची टाकून उतार न्याहाळायचे असतील तर बोर्दो नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना आठवडाभराच्या जहाजाचा खर्च नको त्यांनीही ही खोरी सोडू नयेत. ऱ्हाइनवर केडी कंपनीच्या आणि वाखाउमध्ये डीडीएसजीच्या दिवसा चालणाऱ्या बोटी तिकीट काढून चढण्या-उतरण्यासाठी मिळतात. डोरोच्या काठाने पोर्तोहून पोसिन्योपर्यंत रेल्वे जाते आणि पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर द्राक्षसुगीची चित्रे असलेल्या निळ्या फरशा आहेत. काठावरील एका गावात तीन-चार रात्री मुक्काम करून रोज एक बोटफेरी करणे हा स्वस्त आणि माझ्या मते पुरेसा समाधानकारक मार्ग आहे.

कोणता महिना

कोल्हापूरच्या वाचकाला द्राक्षबाग नवी नाही. मिरज ओलांडून तासगावकडे गेले की मांडवच मांडव दिसतात. मात्र आपल्याकडील वेळापत्रक तेथे लावून चालत नाही. आपल्या वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, आणि माल जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान निघतो. युरोपात कडक थंडीमुळे वेल हिवाळाभर झोपी जातो. त्याच काळात एकदाच छाटणी होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो आणि सुगी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात स्वस्त मिळालेली सफर घेतली तर उतारांवर नुसती खुंटे दिसतील. मेच्या मध्यापासून हिरवाई भरते. जूनमध्ये जर्मनीत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि दिवसा चालणाऱ्या जहाजासाठी ही फार मोठी सोय आहे.

सर्वोत्तम काळ मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. तोडणी सुरू असते, गावोगाव वाइन महोत्सव भरतात, ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडू लागतात आणि हवा सुखद असते. आपल्या दृष्टीनेही हे दिवस बरे, कारण आगाप छाटणी न करणाऱ्या बागायतदाराला फळछाटणीपूर्वीची थोडी उसंत असते आणि उसाचे गाळप सुरू व्हायचे असते. गणपतीचे विसर्जन आणि दसरा यांच्या तारखा पाहूनच आरक्षण करावे. घरातील वडीलधारी मंडळी नवरात्रात अंबाबाईचे दर्शन चुकवून बाहेर पडणार नाहीत हे गृहीत धरलेले बरे. डोरोवर जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांपर्यंत जातो, म्हणून ते महिने तेथे टाळावेत. डिसेंबरमध्ये नाताळ बाजारांच्या सफरी निघतात, त्या वेगळ्या हौशीच्या; द्राक्षांशी त्यांचा संबंध नाही.

तासगाव-कवठेमहांकाळकडील बागायतदारांनी या सफरीत डोळसपणे पाहावे असे बरेच आहे. मोझेलच्या जुन्या उतारांवर प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधलेला दिसतो, कारण त्या चढावर तारेचा मांडव उभा करणे कठीण असते. पायाखालची काळी पाटीच्या दगडाची जमीन दिवसा तापते आणि रात्री ती ऊब वेलाला देते. पन्नासाव्या अक्षांशाजवळ द्राक्ष पिकवायचे तर ही ऊब लागतेच. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, कारण रंग आणि चव यांचा मोठा भाग सालीत असतो; आपल्या थॉमसनसारखा लांबट, बिनबियांचा मणी तेथे कोणाला नको असतो. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर (म्हणजे ज्याची फक्त मुळे वापरायची अशा वेलावर) कलम करतात ते मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार यांमुळे. युरोपने खुंटकलमांचा मार्ग धरला तो एका किडीमुळे: १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेराने मुळे पोखरून बागाच्या बागा संपवल्या, आणि त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर युरोपीय वाणांची कलमे बांधूनच तेथील द्राक्षशेती वाचली. बागेच्या भेटीत मार्गदर्शकाला खुंट कोणता, उत्पादन किती ठेवता, पाणी देता का, असे प्रश्न विचारले तर ठरावीक पोपटपंची थांबते आणि मालकाला बोलावले जाते, अशी शक्यता बरीच असते.

पाण्याची पातळी

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर जसे राजाराम बंधाऱ्यावरील फुटांचे आकडे तासातासाला पाहतात, तसे ऱ्हाइनवरील जहाजवाले काउब येथील मोजपट्टीकडे पाहतात. फरक इतकाच, की त्यांना पुरापेक्षा उन्हाळ्याअखेरच्या उथळ पाण्याची धास्ती अधिक असते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काउबची पातळी २५ सेंटीमीटरपर्यंत उतरली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्येही मालवाहू जहाजांना निम्म्याहून कमी भार घेऊन जावे लागले. मोजपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, त्यामुळे आकडा वाटतो तितका भयंकर नसतो. तरीही अशा वेळी प्रवाशांना जहाजातून उतरवून बसने पुढे नेले जाते. डॅन्यूबवर बव्हेरियातील श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा भाग धरणांविना वाहतो आणि अडचण बहुधा तेथेच येते. पुराचेही दिवस येतात: जून २०१३ मध्ये पासाउ येथे डॅन्यूब १२.८९ मीटरपर्यंत चढली होती, आणि सप्टेंबर २०२४ मधील ऑस्ट्रियातील पुरात प्रवासी जहाजे जागीच थांबून राहिली.

यावरून निवडीसाठी एक उपयोगी नियम निघतो. मोझेल आणि डोरो या नद्यांवर धरणे व लॉक यांची साखळी असल्याने पाणी अडवलेले असते आणि कोरड्या शरदातही जहाज सहसा अडत नाही. मध्य ऱ्हाइन आणि वरची डॅन्यूब यांची हमी कोणी देऊ शकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जायचे असेल तर अडवलेल्या नदीला झुकते माप द्यावे. लॉकचाही स्वतःचा धोका आहे, हे खरे. डिसेंबर २०२४ मध्ये मोझेलवरील म्यूडेन येथे एका मालवाहू जहाजाने लॉकचा दरवाजा तोडला आणि वाहतूक कित्येक आठवडे बंद राहिली. पण असे क्वचित घडते. करारपत्रातील मार्गबदलाचे कलम मात्र अवश्य वाचावे. पाणी कमी किंवा जास्त झाल्यास बस अथवा हॉटेल देण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे ठेवते आणि त्यासाठी परतावा बहुधा देत नाही. प्रवासविमा घेताना या कारणाने सफर खंडित झाल्यास भरपाई मिळते का, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे.

केबिन आणि खर्च

ऱ्हाइन-डॅन्यूबवरील मोठी जहाजे लॉकच्या मापाने बांधलेली, जास्तीत जास्त १३५ मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद असतात, त्यामुळे केबिन लहानच असणार. सर्वांत खालच्या डेकवरील केबिनला पाण्याच्या पातळीलगत एक अरुंद, न उघडणारी खिडकी असते. वरच्या दोन डेकवर मजल्यापासून छतापर्यंत काच आणि कठडा असतो. खालची केबिन बरीच स्वस्त पडते. दिवस डेकवरच घालवायचा असेल तर ती घेण्यात काही गैर नाही, किंबहुना मी तीच सुचवीन. वरच्या केबिनसमोरही गर्दीच्या धक्क्यावर शेजारी दुसरे जहाज लागले की खिडकीत त्याचीच भिंत दिसते. मागच्या टोकाजवळची केबिन इंजिनाच्या आवाजामुळे टाळावी. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी उद्‌वाहक कोणत्या डेकपर्यंत जातो हे विचारावे, कारण तो बऱ्याच जहाजांवर सर्वांत खाली आणि उघड्या डेकवर जात नाही. बोट लागण्याचा त्रास नदीवर जवळजवळ होत नाही.

भाडे माणशी आणि दोघांनी एक केबिन घेतल्याच्या हिशेबाने लिहिलेले असते. एकट्याने जाणाऱ्यास अधिभार पडतो. भाड्यात गावातील सहली, जेवणासोबतची वाइन, वायफाय आणि धक्क्याचे कर धरले आहेत का, याची एकेक करून खात्री करावी. कर्मचाऱ्यांची बक्षिसी शेवटच्या दिवशी वेगळी मागितली जाते. भारतातील एजन्सीकडून परदेश सहल घेतल्यास टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो, परंतु प्राप्तिकर विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करता येते, म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवावे.

कागदपत्रे आणि प्रवास

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि पोर्तुगाल हे सर्व देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो; बुडापेस्टच्या पुढे सर्बियात जाणारी सफर असेल तर शेंगेनमध्ये परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा नदीसफरीत हमखास गोंधळाचा मुद्दा होतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे अर्ज करावा. मुक्काम समान असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे करावा. जहाज रात्री कोणत्या देशात असेल हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून कंपनीकडून रात्रवार ठिकाणांचे पत्र घ्यावे आणि विमानाच्या दोन्ही टोकांचे हॉटेल मुक्काम त्यात मिळवून मोजणी करावी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो. सप्टेंबरच्या प्रवासासाठी मे-जूनमध्ये भेटीची वेळ मिळवणे शहाणपणाचे आहे, कारण सुट्टीच्या दिवसांत त्या लवकर भरतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः मुंबईला, काही देशांच्या बाबतीत पुण्याला, जावे लागते; पासपोर्टची मुदत मात्र आधी तपासावी आणि नूतनीकरण लागत असेल तर ते अगोदर उरकावे.

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचता येते आणि युरोपची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटत असल्याने मधला दिवस हाताशी राहतो. उजळाईवाडीहून त्याच दिवशीच्या विमानाने जाऊन पुढचे विमान गाठण्याचा बेत पावसाळी हवेत करू नये. तिकडेही जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या गावात पोहोचावे, कारण उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवावी. कोरडी चटणी किंवा कांदा-लसूण मसाल्याची डबी बंद वेष्टनात न्यायला हरकत नाही, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला तिसऱ्या दिवशी तिची आठवण होतेच. शाकाहारी, जैन किंवा उपवासाचे जेवण लागत असेल तर आरक्षण करतानाच लेखी कळवावे. ऐन वेळी सांगितल्यास उकडलेल्या भाज्या आणि चीज यांवर भागवावे लागते.

जहाजावर आणि तळघरात

नदीकाठाला किलोमीटरचे फलक असतात आणि ते वाचता आले की डेकवरील दिवस अधिक रंगतो. ऱ्हाइनचे आकडे कोन्स्टान्झच्या पुलापासून प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. र्‍यूडेसहाइम साधारण ५२६ वर, काउब ५४६ वर आणि लोरेलाय ५५४ च्या आसपास. डॅन्यूबवर मोजणी मुखापासून उलटी असते, त्यामुळे मेल्क साधारण २०३६ वर आणि क्रेम्स २००२ च्या जवळ येते. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे ध्वनिक्षेपकावरील घोषणेची वाट पाहावी लागत नाही. कमी उंचीच्या पुलांखाली वरचा डेक काही काळ बंद करतात. ती सूचना आली की वाद न घालता खाली यावे.

वाइन चाखण्याच्या कार्यक्रमात घोट गिळलाच पाहिजे असे नाही. पेला तिरका धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा, लहान घोट तोंडात घोळवावा आणि समोरच्या भांड्यात थुंकावा. तेथील जाणकार हेच करतात आणि यात कोणाचाही अपमान होत नाही. सकाळी अकरा वाजता पाच-सहा प्रकार प्यायल्यावर दुपारचा किल्ला चढवत नाही, म्हणूनही ही सवय चांगली. क्रम पांढऱ्याकडून तांबड्याकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे असावा. जर्मनीत बाटलीवर ट्रोकन लिहिलेले असेल तर वाइन गोडीविना असते. कॅबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या द्राक्ष तोडताना त्यात किती साखर भरली होती हे सांगतात. वाखाउमध्ये श्टाइनफेडर, फेडरश्पील आणि स्मारग्ड असा हलक्याकडून भारदस्ताकडे जाणारा क्रम आहे. सुरुवात करणाऱ्याने मोझेलची किंचित गोड रीसलिंग आधी घ्यावी, कारण आपल्याकडील तिखट जेवणानंतरही तीच रुचते.

घरातील जे मद्य घेत नाहीत त्यांनी ही सफर आपल्यासाठी नाही असे मानू नये. जर्मनी-ऑस्ट्रियातील बागायतदार त्याच द्राक्षांचा ताजा रस बाटलीबंद करून विकतात आणि तो मागितला की विनातक्रार मिळतो. वाखाउमध्ये जर्दाळूचा रस आणि मुरंबाही प्रसिद्ध आहे. तळघरांत पाय घसरतो आणि हवा थंड असते, तेव्हा पकड असलेले बूट आणि एक स्वेटर सप्टेंबरमध्येही हाताशी ठेवावा. गावांतील रस्ते गोल दगडांचे आहेत. कोल्हापुरी चपला मिरवायच्या असतील तर त्या जहाजावरील रात्रीच्या जेवणाला घालाव्यात.

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला एकूण २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. वाइनची बाटली ७५० मिलीलीटरची असते, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या आणि एक ३७५ मिलीलीटरची लहान बाटली बसते. लहान बाटलीसाठी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड जर्मन वाइन योग्य, कारण ती या मापात सहज मिळते. बाटल्या हातातील सामानात सुरक्षा तपासणीत अडवल्या जातात, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवाव्यात आणि खरेदीची बिले वेगळ्या पाकिटात जवळ बाळगावीत.